हातोडा खाली ठेवण्याचा इतिहास

खडकात खिळा ठोकावा की नाही, हा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. पण या एका प्रश्नावरून गिर्यारोहकांच्या तीन पिढ्या एकमेकांशी भांडल्या आणि एका कारखानदाराने स्वतःच्या चालत्या धंद्याविरुद्ध लेख छापला. त्या भांडणातून डोंगरही थोडे वाचले आणि माणसंही. "आठवणींचे लेख ढीगभर आलेत, तू जरा माहितीचं काहीतरी लिही," असं आपल्या संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मला हाच विषय सुचला. त्याला एक ताजं कारणही आहे, ते पुढे सांगते.

नोकरीच्या निमित्ताने मी सहा वर्षं कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला होते. तिथून योसेमिटी गाडीने चार तासांवर. आपल्या शाळेत पीटीच्या तासाला झाडाखाली बसणारी मी, पस्तिशीत दोर बांधून खडक चढायला शिकले! तिथल्या काही भेगांमध्ये ठरावीक अंतरावर खोल खळगे दिसायचे. बोटं अगदी नीट बसावीत असे. पाण्याने झाले असतील असं मला वाटे. शिकवणाऱ्याने सांगितलं की ते हातोड्याचे घाव आहेत. तेव्हापासून मी त्या घावांचा इतिहास वाचत आले.

योसेमिटी म्हणजे सिएरा नेवाडा पर्वतातली, हिमनद्यांनी खरवडून काढलेली दरी. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे सरळसोट कडे. त्यातला एल कॅपिटन सुमारे ९०० मीटर उंच, म्हणजे एकावर एक बारा कुतुबमिनार. इथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आवानीची लोकांना १८५१ मध्ये सशस्त्र तुकडीने हुसकावून लावलं. १८६४ मध्ये, यादवी युद्ध चालू असतानाच, अध्यक्ष लिंकन यांनी ही दरी सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. १८९० मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं.

दरीच्या टोकाला हाफ डोम नावाचा अर्धा कापल्यासारखा घुमट आहे. कॅलिफोर्नियाचे भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी यांनी १८६०च्या दशकात लिहून ठेवलं होतं की या माथ्यावर माणसाचं पाऊल कधीच पडणार नाही. ऑक्टोबर १८७५ मध्ये जॉर्ज अँडरसन नावाचा स्कॉटिश माणूस वर पोहोचला. त्याची पद्धत साधी होती. खडकात भोक पाडायचं, त्यात लोखंडी कडी ठोकायची, तिच्यावर उभं राहून पुढचं भोक पाडायचं. मागे दोर सोडत तो माथ्यावर गेला. १९१९ मध्ये सिएरा क्लबने त्या बाजूला पोलादी केबल बसवल्या आणि सामान्य माणसाची वाट मोकळी झाली.

खरी गोष्ट सुरू होते १९४०च्या दशकात, एका लोहारापासून. प्रस्तरारोहणात पिटॉन नावाची लोखंडी मेख वापरतात. ती भेगेत ठोकायची, तिच्या डोळ्यात कॅराबिनर अडकवायचा आणि त्यातून दोर ओवायचा. पुढचा माणूस घसरला तर तो शेवटच्या पिटॉनला लटकतो. युरोपात हे पिटॉन मऊ लोखंडाचे असत. भेगेच्या वळणाप्रमाणे ते वाकत, घट्ट बसत आणि तिथेच ठेवले जात. योसेमिटीच्या ग्रॅनाइटमध्ये मात्र ते मुडपत. जॉन सलाथे हे मूळचे स्वित्झर्लंडचे, कॅलिफोर्नियात लोहारकाम करणारे गृहस्थ. त्यांनी कठीण पोलादाचे पिटॉन घडवले. त्यासाठी त्यांनी फोर्डच्या मॉडेल ए गाडीचा आस वितळवला, अशी कथा सांगतात. १९४७ मध्ये त्यांनी आणि अँटन नेल्सनने पाच दिवसांत लॉस्ट ॲरो हा सुळका दरीच्या बाजूने सर केला.

कठीण पिटॉनचा मोठा फायदा म्हणजे तो पुन्हा वापरता येई. मागून येणारा गडी हातोड्याने तो डावी-उजवीकडे ठोकून सैल करी आणि काढून घेई. त्यामुळे तीस-चाळीस पिटॉनांत अख्खा कडा चढता येऊ लागला आणि मागे खडकात काही राहिनासं झालं. त्या काळाच्या मानाने ही अगदी स्वच्छ पद्धत होती. पण एक हिशेब कोणी केला नव्हता. तीच वाट पाच जणांनी चढली तर काही होत नाही. पाचशे जणांनी चढली तर त्याच जागी पाचशे वेळा ठोकणं आणि पाचशे वेळा उपटणं होतं. प्रत्येक वेळी भेगेची कड थोडी झडते. पातळ पात्याएवढी फट बोटाएवढी होते आणि पुढच्याला आणखी जाड पिटॉन लागतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हा अनुभव रोजचा आहे. दहा जणांनी वापरताना बिनचूक चालणारी गोष्ट दहा हजार जणांखाली कोलमडते. लिहिणाऱ्याची बुद्धी कमी असते असं नाही, त्याच्यासमोर दहाच माणसं असतात.

दरम्यान कडे मोठे होत गेले. १२ नोव्हेंबर १९५८ रोजी वॉरन हार्डिंग, वेन मेरी आणि जॉर्ज व्हिटमोर एल कॅपिटनच्या 'नोज' या वाटेने माथ्यावर पोहोचले. दीड वर्षात तुकड्या-तुकड्यांनी केलेली ती चढाई होती. रुंद भेगांसाठी त्यांनी चक्क जुन्या शेगडीचे पाय पिटॉन म्हणून ठोकले होते. जिथे भेगच नव्हती तिथे खडकाला भोक पाडून बोल्ट बसवले, सुमारे १२५. तीन वर्षांनी, १९६१ मध्ये, रॉयल रॉबिन्स, टॉम फ्रॉस्ट आणि चक प्रॅट यांनी त्याच कड्यावर दुसरी वाट चढताना फक्त १३ बोल्ट मारले. त्या वाटेला त्यांनी सलाथेंचं नाव दिलं.

इथून दोन तट पडले. हार्डिंग म्हणत, माझी चढाई, माझी मर्जी. रॉबिन्स म्हणत, खडक सगळ्यांचा आहे, भोक पाडलं की ते पुढच्या सगळ्यांसाठी पाडलं. १९७० मध्ये हार्डिंग आणि डीन कॉल्डवेल २७ दिवस कड्यावर राहून 'डॉन वॉल' चढले आणि त्यात त्यांनी खडकाला तीनशेवर भोकं पाडली. पुढच्या वर्षी रॉबिन्स डॉन लॉरियाला घेऊन त्याच वाटेवर चढले ते बोल्ट छाटून टाकण्याच्या निर्धाराने. खालचे बोल्ट त्यांनी छाटलेही. पण वर जाताना लक्षात आलं की ही चढाई आपल्याला वाटली होती त्यापेक्षा कितीतरी कठीण आणि सुंदर आहे. त्यांनी छाटणं थांबवलं आणि राहिलेल्या बोल्टांच्या आधारानेच ते माथ्यावर गेले. दुसऱ्याच्या कामावर छिन्नी चालवण्याआधी ते काम स्वतः चढून पाहावं, एवढं तरी मी या प्रसंगातून घेतलं.

या भांडणातून वाट निघाली ती इंग्लंड आणि वेल्समधून. तिथले कडे लहान, चढणारे पुष्कळ आणि पिटॉन ठोकणं कमीपणाचं मानलेलं. तिथले लोक वाटेतले गोटे खिशात टाकत, भेगेच्या अरुंद होत जाणाऱ्या जागी अडकवत आणि त्याभोवती दोरीचा फास ओवत. पुढे कोणीतरी रेल्वेच्या रुळांजवळ पडलेले मशीनचे नट उचलले, आतले आटे घासून काढले आणि त्यातून दोरी ओवली. १९६०च्या दशकात खास या कामासाठी धातूच्या पाचरी बनू लागल्या. नाव मात्र नटच राहिलं. खालून झटका बसला की पाचर आणखी घट्ट बसते, वर उचलली की हाताने सुटते. हातोडा नको, घाव नाही.

रॉबिन्स इंग्लंडला जाऊन आले ते हे नट घेऊन. १९६७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी लिझ रॉबिन्स यांनी योसेमिटीत एक नवी वाट एकही पिटॉन न ठोकता चढली. तिचं नाव 'नटक्रॅकर'. मी योसेमिटीत पुढे राहून चढलेली पहिली वाट हीच. पन्नास वर्षांत हजारो लोक तिच्यावरून गेले असतील, तरी तिच्या भेगांच्या कडा शाबूत आहेत.

तरीही बहुतेकांचा नटांवर विश्वास नव्हता. पिटॉन ठोकताना ठणठणीत आवाज येतो आणि त्या आवाजानेच धीर येतो. नट गुपचूप बसतो. त्यावर जीव टाकायचा कसा? हा विश्वास बसवला इव्हॉन शुइनार्ड आणि टॉम फ्रॉस्ट या जोडीने. शुइनार्ड स्वतः शिकलेले लोहार. सुरुवातीला गाडीच्या डिकीतून दीड डॉलरला एक असे पिटॉन विकायचे. पुढे पॅटागोनिया ही कपड्यांची कंपनी काढली ते हेच. फ्रॉस्ट स्टॅनफर्डचे अभियंता. १९७० पर्यंत त्यांची कंपनी अमेरिकेतली गिर्यारोहण साहित्याची सर्वांत मोठी कंपनी झाली होती आणि तिचा कणा होता पिटॉन. नोजची चढाई करताना आपल्याच पिटॉनांनी खडकाची काय दशा केली आहे ते शुइनार्डनी पाहिलं. दोघांनी पिटॉनचा धंदा आवरता घ्यायचं ठरवलं. १९७२च्या त्यांच्या कॅटलॉगमध्ये मालाच्या किमतींबरोबर डग रॉबिन्सन यांचा चौदा पानांचा निबंध होता, हातोड्याशिवाय कसं चढायचं यावर. काही महिन्यांत पिटॉनची मागणी घसरली आणि नट बनवून पुरेनात.

त्या निबंधात नुसती कळकळ असती तर तो कोणी वाचला नसता. त्यात नट कुठे बसतो, कुठे सुटतो, दोराच्या ओढीने वर कसा उचलला जातो, एकाच्या विरुद्ध दिशेने दुसरा कसा बांधायचा, हे सगळं होतं. खडक वाचवायचं आवाहन आणि जीव वाचवायचं शिक्षण एकाच कागदावर होतं. १९७३ मध्ये रॉबिन्सन, गॅलन रॉवेल आणि डेनिस हेनेक यांनी हाफ डोमची उत्तर-पश्चिम भिंत हातोडा न नेता चढली. १९७४ मध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक'ने ती चढाई मुखपृष्ठावर छापली. त्यानंतर हातोडा नेणाऱ्यालाच कारण सांगावं लागू लागलं.

समांतर कडांच्या भेगेत मात्र पाचर बसत नाही. तो प्रश्न सोडवला रे जार्डीनने. अंतराळ उद्योगात संगणकावर काम केलेला हा माणूस, त्यामुळे मला विशेष जवळचा! त्याने स्प्रिंगवर फिरणारे, वक्र कडांचे कॅम बनवले. कळ ओढली की ते मिटतात, सोडली की उघडून भेगेच्या दोन्ही भिंतींना चिकटतात. जितका भार जास्त तितके ते भिंतींना अधिक दाबतात. त्यांची वक्रता अशी की भेग लहान असो वा मोठी, खडकाशी होणारा कोन सारखाच, पावणेचौदा अंशांच्या आसपास. १९७८ मध्ये ते 'फ्रेंड' या नावाने बाजारात आले. आज जगभरचे प्रस्तरारोहक त्यांच्याच नातवंडांवर जीव टाकतात.

याच जार्डीनने पुढे नोजवर फक्त हातापायांनी चढता यावं म्हणून छिन्नीने कड्यावर खोबण्या खोदल्या. त्यावर गिर्यारोहक चिडले, अजूनही चिडतात. १९९३ मध्ये लिन हिलने नोज पहिल्यांदा केवळ हातापायांच्या बळावर चढली, तीही याच खोदलेल्या भागावरून. खडकाला ओरखडा न काढणारं साधन शोधणारा माणूस दुसऱ्या दिवशी छिन्नी घेऊ शकतो. साधन चांगलं असलं म्हणजे निर्णय चांगला होतोच असं नाही. तो प्रत्येक वेळी नव्याने घ्यावा लागतो.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या ग्रॅनाइटचं आपल्याला काय? बरोबर आहे. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. त्यात ग्रॅनाइटसारख्या लांबलचक सरळ भेगा कमी, ठिसूळपणा आणि घसारा जास्त. आपल्याकडच्या अनेक सुळक्यांवर बोल्टशिवाय सुरक्षित चढाई होतच नाही. त्यामुळे योसेमिटीचं उत्तर जसंच्या तसं इथे लावणं वेडेपणाचं होईल. पण तिथला प्रश्न इथे लागू पडतो. या जागी, इतक्या माणसांसाठी, हे भोक खरंच हवं का? आणि हवं असेल तर उद्या त्याची काळजी कोण घेणार?

आपल्या पूर्वजांनीही खडक खोदला. त्र्यंबकजवळच्या हरिहरच्या पायऱ्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. प्रत्येक पायरीला हात रोवायला दोन्ही बाजूंना खोबण्या आहेत. सुरक्षेचा इतका नेमका विचार आजच्या शिड्यांतही नसतो. १८१८ मध्ये हे किल्ले इंग्रजांकडे गेले. कॅप्टन ब्रिग्जला त्या पायऱ्या भिंतीला टेकवलेल्या शिडीसारख्या वाटल्या. त्या काळात इंग्रजांनी अनेक किल्ल्यांच्या वाटा तोडल्या, हरिहरची वाचली. पण ती वाट मोजक्या शिबंदीसाठी होती. पावसाळ्यातल्या रविवारी चढणारी आणि उतरणारी रांग त्याच अरुंद पायऱ्यांवर समोरासमोर येते तेव्हा पायऱ्या तशाच असल्या तरी धोका नवा असतो. हाफ डोमच्या केबलवर हेच झालं. तिथे केबल उखडल्या नाहीत आणि दुसरी जोडीही बसवली नाही. २०१० पासून परवाने सुरू केले आणि आता दिवसाला साधारण ३०० जणांनाच वर सोडतात.

आता ते ताजं कारण. शाळेमागच्या डोंगरावरचा आपला 'हत्ती' आठवत असेलच. गेल्या गणपतीच्या सुट्टीत आपल्याच एका मित्राचा मुलगा त्याच्या सोंडेवरून घसरला. पायात रॉड घालावा लागला. तेव्हापासून ग्रुपवर प्रस्ताव आहे की संमेलनाच्या निधीतून उरणाऱ्या पैशांत हत्तीवर दोन्ही बाजूंना रेलिंग आणि लोखंडी शिडी बसवावी आणि माथ्यावर बॅचच्या नावाची पाटी लावावी. बरेच अंगठे वर आले. मी विरोध केल्यावर त्या मित्राने विचारलं, "तुझी मुलगी पडली असती तर?" प्रश्न रास्त आहे. हा लेख त्याचंच उत्तर आहे, म्हणून इतका लांबला.

मुलगी पडली असती तर मलाही पहिल्यांदा रेलिंगच सुचलं असतं. पण आपल्याकडे चार महिने पाऊस. साधं लोखंड दोन-तीन पावसाळ्यांत आतून खातं, वरचा रंग मात्र चकचकीत राहतो. रेलिंग नसताना माणूस खडकाकडे बघून पाय टाकतो. रेलिंग असलं की तो त्याच्यावर भार टाकतो, आणि ते कोणी तपासलेलं नसतं. शिडी लागली की आज जिथे दहा मुलं चढतात तिथे शंभर चढतील, सेल्फीसाठी निसरड्या दिवसांतही. शिवाय हत्तीचा खडक जिथे भोकं पाडायची तिथेच पापुद्रे सुटणारा आहे. आपण शाळेत असताना नखाने काढायचो ते.

माझा प्रस्ताव असा. निधीतून चांगल्या प्रतीचे दोन दोर, बारा हेल्मेट, हार्नेस आणि बाकीचं साहित्य घेऊन शाळेला द्यावं. दरवर्षी दिवाळीनंतर, खडक कोरडा असताना, प्रशिक्षित गिर्यारोहकांकडून आठवी-नववीच्या मुलामुलींना दोन दिवस हत्तीवरच शिकवावं. डोंगराच्या पायथ्याशी, खडकापासून लांब, पावसाळ्यात चढू नये असा स्पष्ट फलक लावावा. दोर बांधायला माथ्यावर पक्का आधार हवाच असेल तर जाणकारांना दाखवून आणि वनखात्याची परवानगी घेऊन, बेसॉल्टला योग्य असे स्टेनलेस स्टीलचे दोनच बोल्ट बसवावेत. ते कधी बसवले, कोणी तपासले याची वही शाळेत ठेवावी आणि दर पावसाळ्यानंतर तपासणी करावी. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आहे. उपक्रम घेणाऱ्यांना त्याचे नियम लागतात, तेही वाचून घेऊ. बॅचच्या नावाची पाटी नको. नाव द्यायचंच तर त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहू.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चहानंतर यावर चर्चा ठेवली आहे. ज्यांनी अंगठा वर केला आहे त्यांनी त्याआधी एकदा सकाळी हत्तीपर्यंत जाऊन यावं, असं माझं सुचवणं आहे. मी साडेसहाला शाळेच्या मागच्या फाटकाशी दोर घेऊन थांबेन. ज्या मित्राचा मुलगा पडला, त्यानेही यायचं कबूल केलं आहे.